चर्च आणि विकासात्मक दिव्यांग प्रौढांची घरे (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अशा जन्मजात किंवा बालपणीच दिसून आलेल्या अवस्थांसह जगणाऱ्या प्रौढांसाठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या जमिनीतून, इमारतींतून, पैशातून आणि शेजारातून उभी राहिलेली घरे. कॅथलिक, लूथरन, रिफॉर्म्ड अशा अनेक पंथांनी हे काम केले आहे.

गरज सुरू होते ती शाळा संपते तिथे. १९७५च्या केंद्रीय कायद्याने दिव्यांग मुलांना सार्वजनिक शाळेचा हक्क दिला, पण तो बाविसाव्या वर्षाच्या आसपास संपतो. पुढच्या आयुष्यासाठी घर मिळण्याचा तसा हक्क कोणत्याही कायद्यात नाही. त्यामुळे अनेक जण चाळिशी-पन्नाशीपर्यंत आईवडिलांकडेच राहतात आणि सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना ‘आमच्यामागे याचं कोण?’ हा प्रश्न झोपू देत नाही. उत्पन्नाचा आधार बहुधा केंद्र सरकारच्या पूरक भत्त्याचा असतो. २०२५ साली एका व्यक्तीसाठी त्याची कमाल केंद्रीय रक्कम महिना ९६७ डॉलर होती. एवढ्यात बाजारभावाचे भाडे देणे अमेरिकेच्या बहुतेक शहरांत अशक्य आहे.

सुरुवातीच्या धार्मिक संस्था आजच्या अर्थाने घरे नव्हत्या. विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे लूथरनांनी १९०४ मध्ये ‘बेथेस्डा’ स्थापन केली. ती मोठी निवासी संस्था होती, आणि त्या काळी तोच दयेचा मार्ग समजला जाई. सरकारी संस्था त्याहून कितीतरी मोठ्या होत्या. १९६७ मध्ये राज्यांच्या अशा संस्थांत १ लाख ९४ हजारांहून अधिक माणसे होती. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रूक ही सुमारे ४,००० जणांसाठीची संस्था, पण १९६५च्या सुमारास तिथे ६,००० जण कोंबलेले होते. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीने तिथली उघडी-नागडी, घाणीत पडलेली मुले देशाला दाखवली आणि संस्था रिकाम्या करण्याच्या मागणीला जोर आला. विलोब्रूक १९८७ मध्ये बंद झाली. बेथेस्डानेही पुढे मोठ्या आवारातून लहान घरांकडे वळण घेतले. मिनेसोटातील व्हिक्टोरिया येथील तिच्या वसाहतीत दिव्यांग प्रौढ आणि पंचावन्न वर्षांवरील इतर रहिवासी एकाच इमारतीत राहतात.

संस्थेबाहेर पडलेल्यांना वस्तीत शिरू देणे हा वेगळाच झगडा होता. टेक्सासमधील क्लिबर्न शहराने १३ बौद्धिक दिव्यांगांच्या घराला विशेष परवाना नाकारला. शेजाऱ्यांना भीती वाटते आणि समोरच्या शाळेतली मुले त्रास देतील, अशी कारणे शहराने पुढे केली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार अवैध ठरवला. १९८८च्या गृहनिर्माण कायद्याने दिव्यांगांविरुद्धच्या भेदभावाला देशभर मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाच्याच १९९९च्या ओल्मस्टेड निकालाने, योग्य तिथे संस्थेऐवजी समाजात सेवा मिळणे हा दिव्यांगांचा अधिकार मानला. मात्र कायदा शेजाऱ्याला दार उघडायला लावू शकत नाही, आणि मंडळीचे खरे बळ तिथेच आहे. गावात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले चर्च जेव्हा म्हणते की ही आमची माणसे आहेत, तेव्हा विरोधाचा सूर उतरतो.

मदतीचा पहिला प्रकार जागेचा. सभासद घटलेल्या चर्चांकडे पाळकांसाठी बांधलेले रिकामे घर, न वापरलेले शाळागृह किंवा मोठे वाहनतळ उरलेले असते. चर्च बहुधा वेगळी ना-नफा संस्था नोंदवते आणि जागा तिला नाममात्र भाड्याने किंवा देणगी म्हणून देते. असे केल्याने आर्थिक जबाबदारी वेगळी राहते आणि सरकारी पैसा उपासनेवर खर्च होत नाही. रहिवाशाला प्रार्थनेला येण्याची सक्ती करता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार धार्मिक संस्था आपल्या जमिनीवर परवडणारी घरे स्थानिक वापर-नियमांचा अडथळा न येता बांधू शकतात. हा कायदा खास दिव्यांगांसाठी नसला तरी त्यांच्या घरांनाही लागू पडतो.

इथे एक जुनी उणीव नोंदवायलाच हवी. १९९०च्या दिव्यांग हक्क कायद्यातील सार्वजनिक जागांच्या तरतुदींतून धार्मिक संस्थांना सूट आहे. त्यामुळे घर बांधून देणाऱ्या मंडळीच्या स्वतःच्या दारात उतार नसला तरी तो तिच्यावर कायद्याने बंधनकारक नसतो.

दुसरा प्रकार सहवासाचा, आणि चर्चचे मोल यातच अधिक आहे. मिशिगनमधील हॉलंड येथे वेस्टर्न थिऑलॉजिकल सेमिनरीने २००७ मध्ये ‘फ्रेंडशिप हाउस’ सुरू केले. तिथे पाळकपदाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आणि दिव्यांग तरुण एकाच सदनिकेत राहतात, स्वयंपाक करतात, भांडी घासतात. उद्याचा पाळक दिव्यांग माणसाला सेवेचा विषय म्हणून ओळखण्याआधी घरातला सोबती म्हणून ओळखतो. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम येथे ड्यूक विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विद्यार्थ्यांसह असेच घर चालू झाले.

या विचाराचे मूळ फ्रान्समधील ‘लार्श’ चळवळीत सापडते. १९६४ मध्ये जाँ व्हानिए यांनी त्रोस्ली-ब्रई या खेड्यात संस्थेतून आणलेल्या दोन पुरुषांसह घर थाटले. १९७० मध्ये बंगळुरूत ‘आशा निकेतन’, १९७२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील ईरी येथे अमेरिकेतील पहिले लार्श घर सुरू झाले. व्हानिए २०१९ मध्ये वारले. २०२० मध्ये लार्शने स्वतः नेमलेल्या चौकशीतून, त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले, आणि २०२३च्या अहवालाने अशा किमान २५ स्त्रिया असल्याचे नोंदवले. त्यांपैकी कोणी दिव्यांग असल्याचे आढळले नाही. तरी श्रद्धेवर चालणाऱ्या प्रत्येक घरावर बाहेरची देखरेख हवी, ही गोष्ट त्यानंतर वादाची राहिलेली नाही.

मंडळीच्या उत्साहाला मर्यादाही आहे. अंघोळ घालणे, औषधे वेळेवर देणे, रात्री फिट आली तर जागे असणे हे रविवारच्या स्वयंसेवकांचे काम नव्हे. त्यासाठी प्रशिक्षित, पगारी मदतनीस लागतात. त्यांचा खर्च १९८१ पासून मेडिकेडच्या, म्हणजे अल्प उत्पन्न असणाऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, विशेष सवलत-योजनेतून होतो. अनेक राज्यांत या योजनेची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची आहे आणि मदतनिसांचे पगार तुटपुंजे असल्याने माणसे टिकत नाहीत. २०१४च्या नियमाने रहिवाशांना समाजापासून तोडणाऱ्या जागांना हा निधी मिळणे अवघड केले. शहराबाहेर मोठे आवार घेऊन वसाहत करू पाहणाऱ्या मंडळ्यांना त्यामुळे आपला बेत बदलावा लागतो.

बांधकामाच्या पैशासाठी १९९०च्या कायद्यातील ‘कलम ८११’चा आधार मिळाला. त्यात ना-नफा संस्थेला बिनव्याजी भांडवल मिळे, आणि रहिवासी आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के इतकेच भाडे देतो. ते भांडवल परत करावे लागत नाही, पण त्या बदल्यात घर किमान ४० वर्षे अल्प उत्पन्नाच्या दिव्यांगांसाठीच ठेवण्याचे बंधन येते. पाळक बदलले, सभासद पांगले किंवा चर्चच विकले गेले तरी ते सुटत नाही. पंचविशीत तिथे राहायला आलेल्या माणसाच्या पासष्टीपर्यंत ते टिकते.