बेथेल (जालना)

जालना शहराजवळचे ख्रिस्ती गाव व तिथली प्रेस्बिटेरियन मंडळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री (मृत्यू 1891) यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने हे गाव वसवले. जमीन दिली ती हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी. नाव बायबलातले आहे: याकोबाने उशाचा दगड उभा करून त्यावर तेल ओतले, ते ठिकाण.

जुने जालना कुंडलिका नदीकाठी. शहराच्या पूर्वेस पहिल्या निजामाच्या हुकमावरून काबिलखानाने 1725 मध्ये बांधलेला मस्तगड, शिवाय 1827 पासूनची लष्करी छावणी. शेषाद्रींनी मंडळी वसवली ती मात्र शेतजमिनीवर.

शेषाद्री ब्राह्मण. 1843 मध्ये मुंबईत रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. मुलगा वडिलांच्या ताब्यात मिळाला, पण त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. नारायणराव 1854 मध्ये दीक्षित पाळक झाले. 1873 साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते पागोटे घालून बोलले, आणि परदेशी श्रोत्यांत त्यांचे नाव झाले. एवढ्या ठळक माणसामागे गाव झाकले जाते, हे खरे.

बेथेलची मंडळी मुख्यतः मांग आणि महार कुटुंबांची होती. गावगाड्यात त्यांचे पोट बलुत्यावर. धर्म बदलला की ते तुटण्याची धास्ती. गावच्या विहिरीवर तर आधीपासूनच मज्जाव. अशा लोकांना केवळ प्रवचन पुरणार नव्हते, कसायला जमीन हवी होती. शेषाद्रींची दूरदृष्टी यात आहे.

या मंडळीची बाप्तिस्म्याची रीत समजायला थोडे मागे जावे लागते. युरोपातल्या मध्ययुगीन खेड्यांतल्या चर्चमध्ये दाराजवळ दगडी बाप्तिस्मा-कुंड असे. स्कॉटिश परंपरेने ते नाकारले. 1645 च्या वेस्टमिन्स्टर उपासना-नियमावलीने कुंडांच्या त्या जुन्या जागी बाप्तिस्मा देऊ नये, तो सगळ्या मंडळीसमोर द्यावा, असे ठरवले. म्हणून स्कॉटलंडमध्ये व्यासपीठाला लोखंडी कडी लावून तीत पात्र ठेवण्याची चाल पडली. पाळक त्यातले पाणी कपाळावर शिंपडतो. तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा मिळतो. शेषाद्रींची मंडळी याच परंपरेतली. पाण्यावरून माणूस वेगळा काढणाऱ्या मुलखात हा विधी चारचौघांत होणे ही लहान गोष्ट नव्हती.

जालन्याची छावणी 1903 मध्ये उठली. उत्तर भारतातल्या प्रेस्बिटेरियन व इतर मंडळ्यांच्या एकीकरणातून 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. प्रेस्बिटेरियन परंपरेत बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवण्याचा रिवाज आहे; बेथेलवर काम करणाऱ्याने शेषाद्रींच्या चरित्राआधी ती मागावी.