सागवानी नव्हे, सागा

आमचे चिरंजीव नोकरीच्या निमित्ताने टोकियोतल्या निशी-कासाई या भागात राहतात. तिथे हिंदुस्थानी माणसांची वस्ती एवढी आहे की पहिल्या आठवड्यातच आमच्या सौभाग्यवतींना हिंग मिळाला, कढीपत्ता मिळाला आणि भिशीचे आमंत्रणही आले. मला काही उद्योग नव्हता. म्हणून एका रविवारी चिरंजीव मला जुन्या सामानाच्या दुकानात घेऊन गेले. म्हातारा बाप आणि जुने सामान यांचे जमेल, असा त्यांचा हिशेब असावा.

दुकानात एका कोपऱ्यात एक लाकडी टीव्ही उभा होता. उभा म्हणजे खरोखरच चार पायांवर. वरची फळी देवळाच्या वळचणीसारखी थोडी बाहेर आलेली, काचेच्या बाजूला उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी आणि तिच्यामागे लाऊडस्पीकर.

"बाबा, हा सागा आहे," चिरंजीव म्हणाले.

"सागाचा? वाटलंच मला!"

"सागाचा नाही हो. सागा! अक्रोडाचा आहे."

आता 'सागा' अक्रोडाचा कसा, हे कळायला मला पुढचे चार दिवस वाचन करावे लागले. ते ज्ञान एकट्याने पचवणे जड जाते, म्हणून तुम्हाला वेठीस धरतो.

जपानात टीव्हीचे जातक फार जुने आहे. २५ डिसेंबर १९२६ रोजी, ताइशो बादशहा निवर्तले त्याच दिवशी, ताकायानागी केन्जिरो नावाच्या एका मास्तरांनी नळीच्या काचेवर 'इ' हे जपानी अक्षर उमटवून दाखवले. आपल्याकडे असते तर 'श्री' उमटले असते. पुढे युद्ध आले आणि सगळेच राहून गेले. नियमित प्रक्षेपण सुरू झाले ते १ फेब्रुवारी १९५३ ला. त्या दिवशी परवानाधारक संच किती? ८६६! आमच्या शाळेच्या पटावर याहून जास्त मुले होती.

कारण उघड होते. शार्पचा पहिला देशी संच १,७५,००० येनांना होता आणि शाळा संपवून सरकारी नोकरीत चिकटणाऱ्या पोराला महिन्याला ५,४०० येन मिळत. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ न खाता-पिता नोकरी केली, तर टीव्ही. मग लोक काय करीत? रस्त्यात उभे राहून बघत. निप्पॉन टेलिव्हिजनने स्टेशनांबाहेर, चौकांत संच मांडून ठेवले होते. १९५४ च्या फेब्रुवारीत रिकिदोझान या पैलवानाने शार्प आडनावाच्या दोघा परदेशी भावांशी कुस्ती धरली, तेव्हा हजारो माणसे माना उंचावून उभी होती. (हे शार्पबंधू टीव्हीवाले शार्प नव्हेत. मीही आधी गोंधळलो होतो.)

त्या सुमारास जपानी गृहिणीला तीन वस्तूंचा ध्यास लागला: टीव्ही, धुण्याचे यंत्र आणि फ्रीज. त्यांना नाव काय पडले, तर 'तीन पवित्र वस्तू'! बादशहाच्या घराण्यात आरसा, तलवार आणि रत्न या तीन वस्तू परंपरेने चालत येतात, त्यांचेच नाव कपडे धुण्याच्या यंत्राला दिले. १० एप्रिल १९५९ ला युवराजांचे लग्न झाले आणि ते लग्न बघायला म्हणून लोकांनी लाखांनी संच घेतले. दुसऱ्याच्या लग्नापायी आपण कर्ज काढावे, ही गोष्ट मला अगदी घरची वाटली.

घरात आलेला हा पाहुणा बसवायचा कुठे? जपानी बैठकीच्या खोलीत 'तोकोनोमा' असतो: जमिनीपासून किंचित उंच कोनाडा, त्यात एखादे चित्र टांगलेले आणि समोर फुले. घरातली ती मानाची जागा. कित्येक घरांत टीव्ही थेट तिथेच जाऊन बसला. अंगावर झूल, समोर कापडी पडदा, आणि बघायच्या वेळीच पडदा वर. आमच्याकडे गणपतीचे तोंड प्रतिष्ठापनेपर्यंत झाकून ठेवतात, त्याची आठवण झाली.

१९६५ पर्यंत बहुतेक घरांत टीव्ही पोचला. ऑलिंपिकही होऊन गेले होते. त्यात मंदी. आता विकायचे कुणाला? तेव्हा मात्सुशिता कंपनीने युक्ती काढली. टीव्ही हे यंत्र म्हणून विकायचेच नाही, फर्निचर म्हणून विकायचे! त्या संचाचे नाव 'सागा'. सागा हा क्योतो शहराचा पश्चिमेकडचा रम्य भाग आणि एका प्राचीन बादशहाचेही नाव. तो इतका खपला की इतर कंपन्यांनीही खानदानी नावे शोधायला सुरुवात केली. सान्योने सरळ देशाचेच नाव दिले: 'निहोन'. तोशिबाने 'ओझा' म्हणजे सिंहासन काढले. मराठी कानाला ते ओझे वाटते, आणि हमालालाही तसेच वाटले असणार.

लाकडाबद्दल मात्र मी दुकानात जरा तोंडघशी पडलो. जपानी सुतार खिळा न ठोकता लाकडात लाकूड अडकवतात, हे मी ऐकून होतो. म्हणून मोठ्या जाणकारीने संचाच्या कडेवर टिचकी मारली. दुकानदार आजोबा हसले आणि त्यांनी मागची बाजू दाखवली. आत प्लायवूड! वर अक्रोडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. पण कोपऱ्यावर तो पापुद्रा असा वळवला होता की नखाला सांधा लागेना. खोट्यातही एवढा खरेपणा असेल तर माझी तक्रार नाही.

तिथेच मला अण्णा आठवले.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि आमच्याकडे चार वर्षांनी संच आला. त्याला सरकते लाकडी शटर होते आणि शटरला कुलूप. किल्ली अण्णांच्या जानव्याला. दर रविवारी सिनेमाच्या आधी ते खोबरेल तेलाचा बोळा घेऊन लाकूड पुसायचे. माझी परीक्षा आली की किल्ली फिरायची बंद. एकदा 'छायागीत' चुकू नये म्हणून मी शटरच्या फटीत पट्टी घातली होती. त्या ओरखड्याबद्दल अण्णा कधी बोलले नाहीत, फक्त त्यावर रोज थोडे जास्त तेल लागायचे.

१९८४ मध्ये मी रंगीत टीव्ही आणला. अण्णा पुण्याला आत्याकडे गेले होते, तेवढ्यात जुना संच भंगारवाल्याला साठ रुपयांना दिला. ते परत आले, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितले आणि पाय धुवायला गेले. पुढे अकरा वर्षांनी ते गेले, तेव्हा जानव्याला ती किल्ली तशीच होती.

"याला कुलूप कुठंय? विचार त्यांना," मी चिरंजीवांना म्हटले.

आजोबांनी प्रश्न दोनदा ऐकून घेतला. मग टीव्हीकडे, मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले.

"ते विचारताहेत, टीव्हीला कुलूप कशासाठी?" चिरंजीव म्हणाले. "काय सांगू?"

मला काही सुचेना. "सांग, परीक्षेसाठी," मी म्हटले.

चिरंजीवांनी सांगितले. आजोबा जोरजोराने मान हलवत राहिले, आणि खिशातून फडके काढून त्यांनी टीव्हीची वरची फळी पुसायला घेतली.