मुकल्ल्याची गादी आणि निजामाचे जमादार

औरंगाबादेहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बिडकीन आज नव्या औद्योगिक क्षेत्रामुळे लोकांना ठाऊक झाले आहे. परंतु 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि त्या अमलातील सरकारी वसुलाचा पैसा कोणकोणत्या वाटांनी कोठवर पोहोचला याचा माग घेऊ लागले, की गोदावरीचा काठ सोडून थेट अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावरील मुकल्ला आणि शिहर या बंदरांपर्यंत जावे लागते. त्या किनाऱ्यावर 1967 पर्यंत नांदलेल्या कुऐती सुलतानांची राजसत्ता घडली ती मुख्यतः हैदराबादेत मिळवलेल्या द्रव्यावर, ही गोष्ट आपल्याकडच्या इतिहासग्रंथांत फारशी आढळत नाही. मराठवाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांची नजर सहसा समुद्रापर्यंत जात नसावी.

या बंदरांमागचा हदरामौत हा मुळातच रुक्ष, निष्पर्जन्य प्रदेश असल्यामुळे तेथील तरुणांनी उपजीविकेसाठी जावा, पूर्व आफ्रिका किंवा हिंदुस्थान गाठावे असा प्रघातच पडला होता. हिंदुस्थानात आलेल्यांपैकी पुष्कळांनी तलवार आणि तोड्याची बंदूक हेच भांडवल मानले. 1803 मध्ये अहमदनगरच्या पेठेत, 1817 मध्ये नागपूर शहरात, 1818 मध्ये मालेगावच्या किल्ल्यात आणि 1819 मध्ये नौसाजी नाइकाच्या बाजूने नोव्ह्याच्या गढीत इंग्रजी फौजांशी निकराने लढले ते हेच अरब शिबंदीचे लोक. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्यांना मायदेशी धाडण्याचा उद्योग आरंभिला. परंतु ज्यांना समुद्रापार जाणे नको होते त्यांना निजामाचे राज्य जवळ होते, आणि त्या राज्याला शिपायांची आणि त्याहूनही अधिक सावकारांची गरज होती.

येथे अरब जमादाराचे खरे सामर्थ्य समजून घेतले पाहिजे. तो केवळ पथकाचा नायक नव्हता. शिपायांचा पगार सरकारी खजिन्यातून वेळेवर निघेना, तेव्हा तो पदरचे पैसे भरी, त्यावर व्याज आकारी, आणि थकबाकी फुगली म्हणजे दिवाणाकडून एखाद्या तालुक्याचा वसूल तनख्यादाखल आपल्या नावे लावून घेई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निजामाचे कित्येक तालुके अशा रीतीने जमादारांकडे गहाण पडले होते. कुणब्याने पाटील-देशमुखांच्या हाती मोजलेला सारा हैदराबादच्या खजिन्यात न जाता परभारे जमादाराच्या तिजोरीत जमा होई. 1853 साली दिवाणगिरीवर आलेल्या पहिल्या सालारजंगाने हे तालुके एकेक करून सोडवून घेतले. परंतु तोवर काही जमादार राजांना लाजवतील इतके धनाढ्य झाले होते.

त्यांपैकी तिघांची दृष्टी मायदेशाकडे वळली आणि तिघेही एकमेकांचे हाडवैरी निघाले: याफई कुळातील उमर बिन अवद कुऐती, प्राचीन कथिरी राजवंशाचा गालिब बिन मुहसिन, आणि अब्दुल्ला बिन अली औलकी. हैदराबादेत एकाच सरकारची चाकरी करणारे हे लोक हदरामौतेत मात्र एकमेकांविरुद्ध गढ्या विकत घेत, टोळ्या पोशीत आणि वेढे घालीत. गालिबने सैवून आणि तरीम जिंकून कथिरी गादी पुन्हा उभी केली. कुऐतींनी शिबाम बळकावले. 1865 मध्ये उमर हैदराबादेत वारला. पुढच्याच वर्षी कथिरींनी शिहर बंदर घेतले, आणि 1867 मध्ये उमरचा पुत्र अवद याने समुद्रमार्गे चाल करून ते त्यांच्याकडून जिंकून घेतले.

आता इंग्रज. एडन 1839 मध्ये त्यांच्या हाती आले होते आणि त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. त्यामुळे शिहरच्या वाळवंटातील भांडणाचा कागद एडनहून मुंबईस, मुंबईहून कलकत्त्यास आणि तेथून हैदराबादच्या रेसिडेंटाकडे येई. रेसिडेंट सालारजंगाशी बोले, आणि सालारजंग जमादाराला बोलावून समज देई. मोठा विलक्षण मार्ग. पण निरुपयोगी नव्हे. मुक्त अरब शेखाला वठणीवर आणणे कठीण, परंतु ज्याचा वाडा, ठेवी आणि मुलेबाळे हैदराबादेत आहेत तो शेख इंग्रजांच्या मुठीतच असल्यासारखा होता. शिवाय तुर्कांचा डोळा त्या किनाऱ्यावर असल्यामुळे तेथे कोणीतरी आपल्या ओंजळीने पाणी पिणारा असावा हेही त्यांना हळूहळू पटले. कथिरींच्या हाती अंतर्भागातील शहरे होती, कुऐतींच्या हाती बंदर होते. इंग्रजी आरमाराचा हात बंदरापर्यंतच पोहोचत असे, आणि माझ्या मते दोन्ही घराण्यांच्या भाग्याचा निर्णय याच एका गोष्टीने झाला.

मुकल्ल्याचा कसादी नकीब, म्हणजे तेथील सत्ताधीश, कुऐतींच्या कर्जात बुडाला होता. 1881 मध्ये इंग्रजांच्या दबावाखाली त्याला बंदर सोडावे लागले आणि तो झांझिबारला निघून गेला. 1882 च्या तहान्वये कुऐतींनी आपला मुलूख परकीयांस न देण्याचे वचन दिले, आणि त्याबद्दल त्यांना वर्षाकाठी 360 डॉलर मिळू लागले. लक्षावधींचे व्यवहार करणाऱ्या घराण्याला हा तनखा म्हणजे मानाचा विडाच. 1888 मध्ये रीतसर संरक्षणाचा करार झाला.

शत्रू हटल्यावर भाऊबंदकीने डोके वर काढले. अवद आणि त्याचा भाऊ अब्दुल्ला यांनी कारभार मिळून चालवला होता. अब्दुल्लाच्या मृत्यूनंतर त्याचे पुत्र हुसेन आणि मुनस्सर वडिलांचा वाटा मागू लागले. येथेही निवाडा एडनच्या कचेरीच्या मर्जीनेच अवदच्या बाजूने लागला, आणि 1902 मध्ये इंग्रजांनी त्याला शिहर आणि मुकल्ल्याचा सुलतान म्हणून मान्यता दिली. कथिरींचे पुढे काय झाले, याचे उत्तर 1918 च्या एडन करारात सापडते: त्यांनी कुऐतींचे वर्चस्व पत्करले आणि इंग्रजांचे छत्रही. अवदचा पुत्र सुलतान उमर आपल्या कारकिर्दीचा बराच काळ हैदराबादेतच राहिला आणि 1936 मध्ये तेथेच निवर्तला. त्याच्यामागून आलेला सालेह बिन गालिब हाही हैदराबादेत वाढलेला विद्याव्यासंगी पुरुष. त्याने 1937 मध्ये इंग्रज सल्लागार नेमून घेण्याचा करार केला. सल्लागार हॅरल्ड इंग्रॅम्स याने टोळ्याटोळ्यांत तह घडवून आणले.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचे राज्य संपले. त्यानंतर हैदराबादेतील अनेक अरबांना स्थानबद्ध करण्यात आले आणि पुष्कळांची रवानगी समुद्रापार झाली. धन्याची नोकरी संपली, तनखे बंद झाले, आणि मुकल्ल्याच्या गादीला दख्खनच्या पैशाचा आधार उरला नाही. इंग्रजांचा आधार मात्र कागदोपत्री होता. त्यांनी हदरामौतेत बेदुइनांची जी पलटण उभी केली होती, तिने 1967 मध्ये सुलतानाच्या ऐवजी इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीला साथ दिली. तरुण सुलतान गालिब परदेशी असताना मुकल्ला आघाडीच्या ताब्यात गेले. तारीख होती 17 सप्टेंबर.