युद्धकाळातील टीका आणि बंगालचा दुष्काळ

आपल्याकडील आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धांत एक विषय फिरून फिरून येतो: ‘युद्धकाळात सरकारच्या अंतर्गत धोरणांवर टीका करावी काय?’ मुलांचे उत्तर बहुधा ठरलेले असते. शत्रू दाराशी उभा असताना घरातल्या घरात भांडू नये, असे आवेशाने सांगितले की टाळ्या पडतात. विद्यार्थिदशेत मीही असेच बोललो होतो आणि बक्षीस म्हणून एक पेन मिळविले होते. पुढे बी. ए. ला इतिहास घेतला, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे प्रकरण वाचले, आणि ते भाषण मनातल्या मनात मागे घ्यावे लागले.

तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून जपान्यांच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी फौजा समुद्रमार्गे बंगालात उतरतील, या भीतीने इंग्रज सरकारने एक धोरण आखले. शत्रूच्या उपयोगी पडेल असे काही मागे ठेवावयाचे नाही. किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतील शिलकी तांदूळ उचलावयाचा आणि दहा किंवा अधिक माणसे बसतील अशा नावा काढून घ्यावयाच्या अथवा निकामी करावयाच्या. नोंदलेल्या सुमारे ६६ हजार नावांपैकी जवळजवळ ४६ हजार नावा अशा गेल्या. पूर्व बंगालात नाव म्हणजे शेतकऱ्याची बैलगाडी, कोळ्याचे पोट आणि बाजाराचा रस्ताही. आपल्या कोकणातील खाडीकाठच्या मंडळींना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

बंगालचे त्या वेळचे मुख्यमंत्री (तेव्हा त्यांना प्रधानमंत्री म्हणत) होते मौलवी फजलुल हक. ‘शेर-ए-बंगाल’ म्हणून त्यांची ख्याती होती. कलकत्त्यात मुस्लिम मुलींसाठी लेडी ब्रेबॉर्न कॉलेज १९३९ साली निघाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत एवढी नोंद केलीच पाहिजे. हकसाहेब युद्धाच्या विरोधात नव्हते. परंतु २ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांनी गव्हर्नर सर जॉन हर्बर्ट यांना एक सडेतोड पत्र लिहिले. मंत्रिमंडळाला बाजूस सारून गव्हर्नर परस्पर अधिकाऱ्यांकरवी तांदळाची उचल करवीत आहेत आणि त्यामुळे बंगालवर तांदळाचा दुष्काळ ओढवला आहे, असा त्यांचा स्पष्ट आरोप होता. कलकत्त्याच्या रस्त्यांवर प्रेते पडू लागली ती त्यानंतर एका वर्षाने!

या इशाऱ्याचे काय झाले? ऑक्टोबरमध्ये मिदनापूरला प्रचंड चक्रीवादळ झाले. उभे पीक गेले, माणसे आणि गुरे वाहून गेली. त्याच्या बातम्याही युद्धाचे कारण सांगून काही काळ दाबून ठेवल्या गेल्या. आणि २८ मार्च १९४३ च्या रात्री गव्हर्नरांनी हकसाहेबांना बोलावून, आधीच तयार ठेवलेल्या राजीनाम्यावर त्यांची सही घेतली.

यापुढचा भाग आपणांस जरा अवघड जाणारा आहे, पण तो गाळून इतिहास सांगता येत नाही. एप्रिलमध्ये ख्वाजा नाजिमुद्दीन यांचे मुस्लिम लीगचे मंत्रिमंडळ आले आणि नागरी पुरवठा खाते हुसेन शहीद सुऱ्हावर्दी यांच्याकडे गेले. भाव कित्येक पटींनी चढलेले असताना, प्रांतात धान्याचा तुटवडा नाही, असे त्यांनी जाहीर रीतीने सांगितले. लोकांनी घाबरून साठे करू नयेत, हा त्यामागचा हेतू असेलही. पण भूमिहीन मजुराकडे साठा करावयास होते काय? ‘आपले मंत्रिमंडळ आहे, त्याला अडचणीत कशाला आणावयाचे’ असे तेव्हा ज्यांना वाटले असेल, त्यांच्या मनाचा कल मी समजू शकतो. मात्र त्या वर्षी भुकेने मेलेल्यांत पूर्व बंगालचे गरीब मुसलमान मजूर आणि कोळी फार मोठ्या संख्येने होते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

या ठिकाणी हजरत उमर (र. अ.) यांच्या खिलाफतीची आठवण होते. तो तर सारा लढायांचाच काळ. असे सांगतात की, एकदा खलिफा लोकांसमोर बोलावयास उभे राहिले, तेव्हा हजरत सलमान फारसी यांनी त्यांना थांबविले. वाटणीत प्रत्येकाला एकेक वस्त्र आले असताना तुमच्या अंगावर दोन कशी, असा त्यांचा सवाल होता. दुसरे वस्त्र मुलाच्या वाट्याचे आहे, हा खुलासा झाल्यावरच भाषण पुढे चालले. पुढे हिजरी १८ मध्ये अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. फौजा दूरवर गुंतलेल्या होत्या, तरी खलिफांनी तो दुष्काळ कोणापासून लपविला नाही. त्यांनी सुभेदारांना पत्रे धाडून धान्याचे काफिले मागविले आणि रयतेला तूप मिळेना तोवर स्वतःही तूप सोडले.

गप्प राहावे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही. शत्रू खरोखर सरहद्दीवर होता. सुभाषबाबूंनी रेडिओवरून ब्रह्मदेशातील तांदूळ देऊ केला होता, तेव्हा बंगालच्या भुकेची बातमी युद्धाच्या प्रचारात वापरली जाणार हे उघड होते. पलटणी कोठे हलतात, जहाज कोणत्या दिवशी सुटते, हे वर्तमानपत्रांनी छापू नयेच. पण तांदळाचा भाव हे काही लष्करी गुपित नव्हे. तो बाजारात जाणाऱ्या बाईला ठाऊक असतो. शिवाय त्याच इंग्रजांच्या देशात, त्याच युद्धात, फेब्रुवारी १९४३ मध्ये बेव्हरिज अहवालातील समाजविम्याच्या प्रश्नावर शंभराहून अधिक खासदारांनी सरकारविरुद्ध मते दिली. त्यांना कोणी देशद्रोही म्हटले नाही. लंडनला जे चालते ते कलकत्त्याला का चालू नये, याचे उत्तर अर्थात गुलामगिरीत आहे.

कोंडी फोडली ती एका इंग्रजानेच. ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स पूर्वी सरकारच्याच प्रसिद्धी खात्याचे प्रमुख होते आणि युद्धाचे समर्थक होते. युद्धकालीन नियमांत छापील मजकुरावर निर्बंध होते, छायाचित्रांचे नाव नव्हते. २२ ऑगस्ट १९४३ च्या रविवारी त्यांनी कलकत्त्याच्या पदपथांवरील उपाशी माणसांची छायाचित्रे छापली, पुढच्या रविवारी आणखी छापली. भात मागण्याची आशा सोडून लोक दारोदार भाताची नुसती पेज मागत होते. आता दिल्लीला आणि लंडनला ‘काही नाही’ म्हणता येईना. ऑक्टोबरमध्ये नवे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल अधिकारावर येताच कलकत्त्यास गेले आणि मदतीच्या कामास त्यांनी लष्कर लावले. ज्या लष्कराच्या नावाने तोंडे बंद केली होती, त्याच लष्कराने शेवटी खेडोपाडी धान्य पोचविले. मुंबईत रेशनिंग मे १९४३ मध्येच सुरू झाले होते. कलकत्त्यात ते यावयास जानेवारी १९४४ उजाडला.

वुडहेड चौकशी आयोगाने १९४५ साली मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरचे अभ्यासक तो २० ते ३० लाखांपर्यंत नेतात. प्रा. अमर्त्य सेन त्या वेळी शांतिनिकेतनात नऊ-दहा वर्षांचे होते. १९४३ मध्ये बंगालात धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते, असे त्यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले.

कलकत्त्याच्या आर्ट स्कूलमधील एक तरुण शिक्षक जैनुल आबेदिन त्या दिवसांत स्वस्त कागदावर काळ्या शाईने रस्त्यावरची माणसे रेखाटीत होते. ती चित्रे आज जगभर ओळखली जातात. चित्तप्रसाद हे दुसरे चित्रकार मिदनापूरची खेडी पायी हिंडले. त्यांचा पक्ष युद्धाच्या बाजूचा होता, तरीही त्यांनी पाहिले ते लिहिले आणि रेखाटले. ‘हंग्री बेंगॉल’ या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. पुढे आयुष्याचा मोठा भाग त्यांनी मुंबईत अंधेरीला काढला. पुस्तिकेची एक प्रत त्यांच्या कुटुंबीयांनी बँकेच्या तिजोरीत जपली होती. तिच्यावरून ती २०११ साली पुन्हा छापली गेली.