धनुष्याच्या पोटातले लाकूड

आयुधागाराची व्यवस्था सांगताना कौटिल्याने ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये नमूद केली आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू इत्यादींची निराळी यादी दिली. परंतु ही दृष्टी कोठावळ्याची, कारागिराची नव्हे. द्रव्ये एकमेकांस कशी सांधावीत, ही कमानगराची खरी विवंचना.

धनुष्य ओढले की धनुर्धराकडील बाजू, जिला पोट म्हणतात, ती दबते आणि लक्ष्याकडील पाठ ताणली जाते. ही दोन परस्परविरुद्ध कामे एकाच काष्ठाकडून करवून घ्यावयाची असल्यामुळेच इंग्लंडने यू वृक्षाचा एवढा हव्यास धरला. कारण त्याचा बाहेरचा फिकट थर ताण सोसतो, आतला लालसर गाभा दाब सोसतो, म्हणजे निसर्गानेच दोन पट्ट्या जोडून ठेवलेल्या. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजातून वर काढलेली धनुष्ये याच लाकडाची आहेत. तुर्की कमानगरांनी मात्र निसर्गाची वाट पाहिली नाही: पोटाला म्हशीचे शिंग, पाठीला स्नायूंचे धागे आणि मध्ये मॅपलचा गाभा, तोही पाच तुकड्यांचा, खाचेत खाच बसवून सांधलेला, असा सारा सरंजाम सरेसाने जोडून ते महिनोनमहिने सुकवीत.

अमेरिकन धनुष्यकार फ्रेड बेअर यांनी 1947 मध्ये मिशिगनमधील ग्रेलिंग येथे आपला धनुष्यांचा कारखाना नेला, आणि पुढील काही वर्षांत धनुष्याच्या पाठीपोटावर जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या फायबरग्लासच्या पट्ट्या बसू लागल्या. शिंग आणि स्नायू या दोघांचाही अंमल एकाच कृत्रिम द्रव्याकडे गेला. लाकूड तेवढे पूर्वीच्याच जागी, मध्ये राहिले.

त्यामुळे लाकडाची किंमत उतरली असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. पाठ आणि पोट यांत अंतर राखणे, आणि धनुष्य वाकताना थर एकमेकांवरून घसरू पाहतात तेव्हा त्यांना धरून ठेवणे, हे गाभ्याचेच काम; बदलली ती निवडीची कसोटी. आता हवी सरळ रेषा, सर्वत्र सारखी घनता, गाठींचा अभाव आणि पुरता कोरडेपणा, आणि मॅपल या कसोटीस उतरला. त्याची पट्टी टोकाकडे दर इंचामागे इंचाच्या दोन सहस्रांशाने निमुळती करतात. हा फरक बोटांना कळत नाही, धनुष्याला कळतो.

घरी धनुष्य करणाऱ्या हौशी माणसाची परीक्षा होते ती मुठीपाशी. मुठीच्या ठोकळ्याची दोन्ही टोके कागदाएवढी पातळ होईतो घासावी लागतात, इतकी की उजेडापुढे धरल्यास धार अर्धपारदर्शक भासावी, कारण तिच्यावरून जाणाऱ्या पट्टीखाली केसभर फट राहिली तरी सारा ताण तेथेच एकवटतो. ठोकळा शिसमासारख्या तेलकट लाकडाचा असेल तर तो ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी हे चिकटद्रव्य लावावे. पण शिकंजा जिद्दीने आवळू नये, नाहीतर सारे इपॉक्सी बाहेर ओघळते आणि सांधा कोरडा पडतो. हा दाब सर्वत्र सारखा पडावा म्हणून पुष्कळ जण साच्यात अग्निशामक दलाचा कापडी पाइप घालून त्यात हवा भरतात, आणि इपॉक्सी पक्के होण्यासाठी दिव्यांनी तापवलेल्या पेटीत ते सारे ठेवून देतात.

असे धनुष्य प्रथम ओढताना ‘कट्’ असा आवाज आला, तर वाचकहो, लाकडाला बोल लावण्याआधी मुठीजवळचा तो सांधा पाहा.