दूरचित्रवाणी व संगणक यांचा सामाईक पडदा

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पाहणे व संगणकावर काम करणे या दोन्हींसाठी वापरल्या जाणाऱ्या एकाच चित्रदर्शक उपकरणास सामाईक पडदा म्हणता येईल. असे उपकरण दोन प्रकारचे असू शकते : संगणकाचे चित्र दाखविणारा दूरचित्रवाणी संच आणि दूरचित्रवाणीचे चित्र दाखविणारा संगणकाचा मॉनिटर. संचात रेडिओ तरंगांमधून हवी ती वाहिनी निवडणारा ट्यूनर असतो. मॉनिटरमध्ये तो सामान्यतः नसतो व बाहेरून मिळालेला चित्रसंदेश तो सरळ पडद्यावर उमटवितो. ही दोन साधने १९७० नंतरच्या दशकात एकत्र आली, १९८७ च्या सुमारास त्यांची फारकत झाली आणि २००० नंतर ती पुन्हा जवळ आली. या फारकतीचे मूळ पडद्यात नव्हते. दोहोंकडे ऋण किरण नलिकाच वापरली जात असे. भेद होता तो तिला पुरविल्या जाणाऱ्या चित्रसंदेशाच्या मानकात.

चित्रसंदेशाची मर्यादा : अमेरिकेत १९४१ मध्ये ५२५ रेषांचे मानक स्वीकारण्यात आले, पुढे पश्चिम युरोपातील बहुतेक देशांनी व भारताने ६२५ रेषांचे मानक पत्करले. ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे दाखविली जातात. एका अर्धचित्रात विषम क्रमांकाच्या व दुसऱ्यात सम क्रमांकाच्या रेषा असतात. प्रत्येक रेषेस ६४ मायक्रोसेकंद मिळतात व त्यांपैकी सु. ५२ मायक्रोसेकंदांचाच भाग दृश्य असतो. चित्रसंदेशाची पट्टरुंदी सु. ५ मेगॅहर्ट्‌झ असते. काही मीटर अंतरावरून हलती चित्रे पाहण्यास हे पुरेसे होते. हातभर अंतरावरून अक्षरे वाचण्यास मात्र नव्हते.

एका ओळीत ८० अक्षरे व प्रत्येक अक्षरास ८ ठिपके धरल्यास ६४० ठिपके होतात. ते ४० मायक्रोसेकंदांत उमटवावयाचे झाल्यास आणि ठिपके आलटून पालटून काळे व पांढरे असल्यास संदेशाची कंप्रता ८ मेगॅहर्ट्‌झ होते. ती संचाच्या आवाक्याबाहेर असल्याने अक्षरे पुसट दिसतात. ४० अक्षरांसाठी ४ मेगॅहर्ट्‌झ पुरतात. घरगुती संगणकांत ४० किंवा त्याहून कमी अक्षरांची ओळ रूढ होण्याचे हे एक प्रमुख कारण होय. शिवाय एकाच रेषेइतकी जाड आडवी रेघ सेकंदाला २५ वेळाच उमटत असल्याने ती लुकलुकते. यावर उपाय म्हणून असे अनेक संगणक दोन्ही अर्धचित्रे त्याच रेषांवर उमटवीत व उभ्या दिशेने सु. २०० ते २५० ठिपक्यांवर भागवीत.

घरगुती संगणक : डॉन लँकेस्टर यांनी अमेरिकेतील रेडिओ–इलेक्ट्रॉनिक्स या मासिकाच्या सप्टेंबर १९७३ च्या अंकात टीव्ही टाइपरायटर या उपकरणाची रचना प्रसिद्ध केली. साध्या दूरचित्रवाणी संचावर प्रत्येकी ३२ अक्षरांच्या १६ ओळी दाखविण्याची सोय त्यात होती. अक्षरे दर्शविणारी स्वतंत्र साधने त्या वेळी महाग होती. घरात असलेला संच हाच सर्वांत स्वस्त पडदा ठरला. १९७७ मध्ये आलेल्या ॲपल–२ या संगणकाची घटिका-कंप्रता अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगवाहक कंप्रतेच्या पटीत निवडलेली होती. त्यामुळे अल्पशा मंडलांत रंगीत चित्र मिळविता आले. परंतु तो संचाच्या आकाशक धारकाला जोडण्यासाठी लागणारे विरूपक यंत्र उत्पादक संगणकाबरोबर देत नसे. संगणकांच्या रेडिओ उत्सर्जनामुळे इतर संचांत व्यत्यय येऊ नये म्हणून तेथील संघीय दळणवळण आयोगाचे नियम कडक होते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्‌स कंपनीने १९७९ मध्ये आपला घरगुती संगणक मॉनिटरसह विकावयास काढला, तो याच परिस्थितीत. साहजिकच त्याची किंमत वाढली.

ब्रिटनमध्ये घरच्या संचाचा वापर अधिक मोकळेपणाने झाला. १९८१ मधील सिंक्लेअर झेडएक्स–८१ हा संगणक जोडलेल्या स्वरूपात ६९.९५ पौंडांस मिळे. पडद्याचा खर्च किंमतीत नसल्यामुळेच संगणक सामान्य कुटुंबापर्यंत पोहोचला. मात्र कुटुंबाचा कार्यक्रम चालू असताना संगणक बंद ठेवावा लागे. त्याच वर्षी आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकात संच व मॉनिटर या दोहोंसाठी स्वतंत्र जोडण्या होत्या. त्याच्या एका दर्शनप्रकारात दूरचित्रवाणीवरील मजकूर-सेवेचीच ४० अक्षरांची रचना वापरलेली होती. विशेष म्हणजे सीफॅक्स या मजकूर-सेवेमार्फत संगणकासाठी आज्ञावलीही प्रक्षेपित केल्या जात. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या शालेय संगणक साक्षरता योजनेत हाच संगणक निवडण्यात आला. दोन्ही देशांत ६२५ रेषांचेच मानक असल्याने चित्ररचनेत बदल करण्याचे कारण नव्हते. जपानमध्ये शार्प कंपनीच्या १९८२ मधील एक्स–१ या संगणकास खास दूरचित्रवाणी–मॉनिटर जोडता येई व कार्यक्रमाच्या चित्रावर संगणकाची अक्षरे उमटविता येत.

फारकत : कार्यालयीन कामास ८० अक्षरांची स्पष्ट ओळ आवश्यक होती. आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील संगणकासाठी दोन प्रकारची दर्शन-मंडले उपलब्ध होती. रंगीत मंडल दूरचित्रवाणीच्या गतीने चाले. एकरंगी मंडल आडवे ७२० व उभे ३५० ठिपके देई व त्यास स्वतंत्र मॉनिटर लागे. १९८७ मध्ये याच कंपनीने व्हीजीए हे मानक आणले. त्यात ६४० × ४८० ठिपक्यांचे चित्र सर्व रेषा क्रमाने उमटवून दाखविले जाई. त्यासाठी सेकंदाला सु. ३१,५०० रेषा लागत, म्हणजे दूरचित्रवाणीच्या साधारण दुप्पट. परिणामी सामान्य संचास संगणकाचे चित्र व नव्या मॉनिटरला दूरचित्रवाणीचे चित्र परिवर्तकावाचून दाखविता येईना. संगणकात बसवावयाची ट्यूनर-मंडले हा त्यावरील एक उपाय होता. ॲपलच्या १९९३ मधील मॅकिंटॉश टीव्ही या यंत्रात एकच पडदा होता. परंतु कार्यक्रम संपूर्ण पडदा व्यापी, त्यामुळे एका वेळी एकच उपयोग शक्य होता.

पुन्हा एकत्र : अमेरिकेत अंकीय दूरचित्रवाणीचे मानक ठरत असताना या प्रश्नावरून उघड वाद झाला. संगणक उद्योगास सर्व रेषा क्रमाने उमटविणारी चित्रे हवी होती. प्रक्षेपकांना एकाआड एक रेषांची पद्धतही टिकवावयाची होती. अखेर डिसेंबर १९९६ मध्ये मानक स्वीकारताना आयोगाने चित्ररचनांचा तक्ता बंधनकारक केला नाही. पुढे द्रव स्फटिक पडद्यांमुळे रेषा उमटविण्याच्या गतीचा प्रश्न मागे पडला. १९९९ मध्ये मॉनिटरसाठी डीव्हीआय ही अंकीय जोडणी प्रसिद्ध झाली. २००२ मधील एचडीएमआय ही जोडणी तिच्याच संदेशपद्धतीवर आधारलेली असून तीत ध्वनीचीही सोय आहे. १९२० × १०८० ठिपक्यांची रचना संच व मॉनिटर दोहोंत रूढ झाली. केबलचे अंकीकरण व सेट-टॉप बॉक्स यांमुळे वाहिनी निवडण्याचे काम पडद्याबाहेर गेले. मुंबईत अंकीकरणाची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ही होती. अशा पेटीस योग्य जोडणीचा मॉनिटर लावला की दूरचित्रवाणी दिसते. ध्वनिक्षेपकाची सोय मात्र अनेकदा वेगळी करावी लागते.

जुन्या मानकांच्या खुणा तरीही उरल्या आहेत. किरण नलिकेतील चित्राच्या कडा झाकण्यासाठी चित्र किंचित मोठे करण्याची प्रथा अनेक सपाट संचांतही राहिली. त्यामुळे संगणकाच्या चित्राची कड कापली जाते. रंगांची माहिती प्रकाशमानतेपेक्षा कमी तपशिलाने घेतल्यास रंगीत अक्षरे धूसर होतात. चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत गेलेला वेळ कार्यक्रम पाहताना जाणवत नाही. माऊस हलविताना जाणवतो. संचावरील योग्य योजना निवडून हे दोष बहुधा टाळता येतात.

कायदेशीर बाजू : तंत्र एक झाले तरी वर्गीकरण दोनच राहिले. १९९६ च्या माहिती तंत्रविद्या करारानुसार संगणकाचे मॉनिटर आयात करातून मुक्त होते. युरोपीय संघात चित्रदर्शक मॉनिटरवर मात्र १४ टक्के कर होता. डीव्हीआय जोडणी असलेले मॉनिटर दुसऱ्या गटात टाकले जाऊ लागल्याने अमेरिका, जपान व तैवान यांनी २००८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. इतर उपकरणांचे चित्र दाखविता येते एवढ्यावरून मॉनिटरला संगणकाच्या गटातून वगळता येणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये ठरविले. २०१० मध्ये संघटनेच्या मंडळाचा निर्णयही युरोपीय संघाविरुद्ध गेला. पडदा कशासाठी आहे हे त्याच्या रचनेवरून निश्चित सांगता येत नाही, वापरणाराच ते ठरवितो, ही स्थिती अशा रीतीने कायद्यालाही विचारात घ्यावी लागली.