हे काडतूस कोणी बनवलं?

आज विषय सॉफ्टवेअरचा, पण सुरुवात 1857 पासून. मी जिथून बोलतोय त्या डमडममध्येच त्या वर्षी जानेवारीत शिपायांनी विचारलं होतं: आमच्या हातात दिलेल्या वस्तूत नक्की काय आहे? (डमडम म्हटलं की गोळी आठवते, ती 1890 च्या दशकातली. ती आज बाजूला ठेवू.)

इथल्या छावणीत तेव्हा एनफिल्ड रायफल शिकवायचं केंद्र होतं. काडतुसाला गाय-डुकराची चरबी लावलीय, ही बातमी एका खलाशाच्या तोंडून फुटली, असं अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात आहे. शिपायांनी नुसती कुरकुर केली नाही, तोडगाही सुचवला: मेण आणि तेल वापरा. सरकारनं काही दिवसांतच मान्य केलं की शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण लावावं. तरी संशय गेला नाही. जाणार कसा? शस्त्रागारात चरबी ठेकेदाराकडून येई आणि ती कोणत्या जनावराची, हे पाहण्याची खास खबरदारी घेतलेलीच नव्हती. 'तसं काही नाही' असं छातीठोक सांगायला हातात कागदच नव्हता.

आता लिनक्सकडे येऊ, कारण तिथेही नेमका हाच कागद नव्हता. 1991 पासून जगभरचे लोक लिनस टोरवाल्ड्सला कोडचे तुकडे, म्हणजे पॅच, ईमेलनं पाठवत. पटला तर तो घ्यायचा. कुठला तुकडा कोणाच्या हातून आला, याची पक्की पद्धत नव्हती. मार्च 2003 मध्ये एससीओ कंपनीनं आयबीएमवर दावा ठोकला: आमचा युनिक्सचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घातलात. आरोप खरा की खोटा हे पुढचं. पण प्रत्येक ओळीचं मूळ दाखवा म्हटल्यावर जुने ईमेल उपसायची वेळ आली.

म्हणून मे 2004 मध्ये 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ आली. पाठवणाऱ्यानं आपलं नाव घालून लिहायचं: हे मी लिहिलंय, किंवा हे द्यायचा मला हक्क आहे. पुढे पॅच ज्या मेंटेनरच्या हातून जाईल, त्यानं खाली आपली ओळ वाढवायची. आपल्या सरकारी फायलीवर कारकुनापासून सचिवापर्यंत सह्या चढतात ना, तसंच.

एप्रिल 2005 मध्ये टोरवाल्ड्सनं गिट लिहायला घेतलं, जुलैत ते जुनिओ हमानोकडे सोपवलं. गिटच्या प्रत्येक नोंदीत दोन नावांना जागा असते: लिहिणारा आणि आत घेणारा. मला ही त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. बाहेरच्याचं श्रेय त्याच्याकडे राहतं, आणि दार उघडणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणून हात झटकता येत नाहीत.

पण नावच खोटं असलं तर? एक्सझेड हे फायली आवळणारं सॉफ्टवेअर बहुतेक प्रत्येक लिनक्समध्ये असतं. लासे कॉलिन ते जवळपास एकटाच सांभाळत होता. 'जिया टॅन' नावाच्या कोणीतरी दोनेक वर्षं उपयोगी पॅच पाठवले, विश्वास कमावला, स्वतःच मेंटेनर झाला, आणि फेब्रुवारी 2024 च्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. शक्कल बघा: घातक भाग चाचणीच्या फायलींत दडवून गिटमध्ये सगळ्यांदेखत ठेवला, पण त्याला जागं करणारा तुकडा फक्त डाउनलोडच्या गठ्ठ्यात घातला. नुसतं गिट वाचणाऱ्याला तो दिसलाच नसता. अँड्रेस फ्रॉइंडला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून 29 मार्चला बिंग फुटलं.

तो माणूस खरा कोण, हे अजून जाहीर झालेलं नाही. पण नोंदींत त्याचं खोटं नाव होतंच, आणि त्या नावाचा माग काढत कॉलिननं त्याचा हात लागलेला कोड तपासला. मे महिन्यात साफ केलेली आवृत्ती बाहेर आली.